‘त्यांनी असे काय केले होते?’

ज्यूद्वेषाच्या इतिहासाविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की फार वेळ न जाता एक प्रश्न पुढे येतो. दोन हजार वर्षे, इतक्या देशांत, इतक्या राजवटींत सगळ्यांनी याच लोकांचा द्वेष केला. तर मग त्यांनी असे काय केले होते? हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, प्राध्यापक विचारतात, घरात उत्तम ग्रंथसंग्रह बाळगणारे वाचकही विचारतात. त्याच्या तळाशी ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ हे आपले घरगुती तत्त्वज्ञान असते, आणि आपण दोन्ही बाजू पाहतो आहोत असे समाधानही विचारणाऱ्याला मिळते. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न विचारताक्षणीच निकाल लागलेला असतो. उरतो तो फक्त आरोपपत्राचा तपशील.

साहित्याच्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचे तर आम्हांला अधिकच नवल वाटते. कारण ज्यूद्वेष ही मुख्यतः एक ग्रंथपरंपरा आहे. कथा, प्रवचने, संतचरित्रे, नाटके, पत्रके यांतून ती वाहत आली. ती जपली, तिच्या नकला उतरवल्या, तिच्यात भर घातली ती लिहिता-वाचता येणाऱ्यांनी. ज्यूंनी काय केले हे शोधण्याआधी त्यांच्याविषयी कोणी, कोणासाठी, काय लिहिले हे पाहणे हा आपल्या व्यवसायाचा साधा धर्म आहे. तो पाळला तर काय दिसते?

प्राचीन काळापासून आरंभ करू. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील मानेथो या इजिप्शियन पुरोहिताच्या नावावर एक कथा येते. ती आपल्यापर्यंत पोहोचली ती पुढे जोसेफस या ज्यू इतिहासकाराने खंडनासाठी उद्धृत केली म्हणून. कथा अशी की, इजिप्तमधून बाहेर पडलेले ज्यूंचे पूर्वज म्हणजे देशातून हाकललेले महारोगी होते. ज्यूंच्या धर्मग्रंथातील निर्गमनाची कथा गुलामांच्या मुक्तीची आहे. इथे तीच कथा उलटी करून सांगितली आहे. मुक्त झालेले लोक आता घाण म्हणून टाकलेले लोक ठरतात. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात अपिऑनने यावर कडी केली. जेरुसलेमच्या मंदिरात ज्यू एका ग्रीक माणसाला पोसून बळी देतात, अशी कथा त्याने सांगितली. हा अपिऑन अलेक्झांड्रियातील व्याकरणकार आणि होमरचा भाष्यकार होता. म्हणजे आपल्याच व्यवसायातला. त्याच अलेक्झांड्रियात इ. स. ३८ मध्ये ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. रोमच्या सम्राटापुढे ज्यूंची बाजू मांडायला तत्त्वज्ञ फिलो गेला. ग्रीकांच्या बाजूने गेलेल्यांत अपिऑन होता.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. ग्रीक आणि रोमन लेखक इजिप्शियनांची, सिरियनांचीही टवाळी करीत. ज्यूंना रोमन राज्यात बराच काळ कायद्याचे संरक्षण होते. तेव्हा ‘दोन हजार वर्षे सगळ्यांनी द्वेष केला’ हे विधान मुळातच खोटे आहे. द्वेष अखंड नव्हता, सार्वत्रिक नव्हता. तो ठिकठिकाणी, विशिष्ट माणसांनी, विशिष्ट गरजेपोटी पेरला.

पेरणे हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. अँटिऑकच्या चर्चमध्ये ३८६-३८७ या काळात योहान ख्रिसोस्टम याने ज्यूंविरुद्ध अत्यंत जहाल प्रवचने दिली. ती देण्याची गरज का पडली? कारण त्याच्या कळपातील ख्रिस्ती माणसे शेजाऱ्यांच्या सणांना सिनेगॉगमध्ये जात होती. म्हणजे सामान्य माणसांत शेजारधर्म नांदत होता. तो मोडण्यासाठी एका असामान्य वक्त्याला कामाला लागावे लागले. ‘ख्रिसोस्टम’ या उपाधीचा अर्थच मुळी ‘सुवर्णमुखी’ असा आहे. द्वेष उपजत असता तर एवढ्या वक्तृत्वाची गरज पडली नसती.

पुढे ११४४ साली इंग्लंडमध्ये नॉर्विच येथे विल्यम नावाच्या मुलाचे प्रेत सापडले. काही वर्षांनी तेथे आलेल्या टॉमस ऑफ मॉनमथ या मठवासीयाने एक संतचरित्र लिहून ज्यूंनी धर्मविधी म्हणून या मुलाचा छळ करून खून केला असे प्रतिपादन केले. मठाला संत मिळाला, संताला यात्रेकरू मिळाले, आणि युरोपला ‘रक्ताचा आळ’ मिळाला. हा आळ नगरोनगरी फिरला आणि पुढे त्यात ज्यू आपल्या विधींसाठी ख्रिस्ती मुलांचे रक्त वापरतात ही भर पडली. ज्या धर्मात प्राण्याचेही रक्त खाणे निषिद्ध आहे, मांसातले रक्त मीठ लावून काढून टाकावे लागते, त्या धर्मीयांवर हा आळ! १२४७ मध्ये पोप चौथा इनोसंट याने तो खोटा असल्याचे लिहून दिले. उपयोग झाला नाही. १९११ मध्ये कीव्ह येथे मेंडेल बेलिस या कारखान्यातील कर्मचाऱ्यास याच आरोपाखाली अटक झाली. १९१३ मध्ये तो निर्दोष सुटला. १९४६ च्या जुलैमध्ये, म्हणजे संहारछावण्या बंद पडल्यावरही, पोलंडमधील किएल्त्से येथे ‘ज्यूंनी मुलाला तळघरात कोंडले’ या अफवेवरून ४२ ज्यूंना ठार मारण्यात आले. त्या इमारतीला तळघरच नव्हते. नॉर्विच ते किएल्त्से ही आठशे वर्षे एकाच कथेची आहेत. या आठशे वर्षांत ज्यूंनी असे काय केले होते?

येथे आपल्याकडील सुशिक्षित वाचक एक ठेवणीतले उत्तर काढतो : सावकारी. ते आपल्याला पटते, कारण सावकार आपण पाहिलेला असतो. म्हणून ते जरा सावकाश तपासू. मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपात व्याज घेणे ख्रिस्त्यांना पाप होते. ज्यूंना बहुतेक ठिकाणी जमीन धारण करणे अशक्य होते आणि कारागिरांच्या संघांची दारे बंद होती. उरलेल्या मोजक्या वाटांपैकी एक कर्ज देण्याची. बहुसंख्य ज्यू तेव्हाही गरीबच होते. इंग्लंडमध्ये ते राजाची मालमत्ता मानले जात. त्यांच्या व्यवहारांवर देखरेख करणारे राजाचे स्वतंत्र खाते होते. राजा त्यांच्यावर वाटेल तेवढा कर लादी, तो भरण्यासाठी ते कर्जदारांकडे तगादा लावीत, आणि कर्जदाराला दिसे तो तगादा लावणारा. पैसा पोचे तो राजाच्या तिजोरीत. ११९० मध्ये यॉर्कच्या ज्यूंचा संहार झाल्यावर जमावाने केलेले पुढचे काम म्हणजे तेथील चर्चमध्ये ठेवलेली कर्जखते जाळणे. हत्या करणाऱ्यांना आपले काम कशासाठी आहे हे पुरते ठाऊक होते.

बरे, सावकारी हेच कारण असेल तर सावकारी थांबल्यावर द्वेष थांबायला हवा होता. १२७५ मध्ये पहिल्या एडवर्डने कायदा करून इंग्लंडमधील ज्यूंना व्याजाचा धंदा बंद केला. १२९० मध्ये, म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांनी, त्याच राजाने त्यांना देशातूनच हाकलले. रोगाचे म्हणून सांगितलेले कारण काढून टाकले तरी रोग वाढलाच.

१३४८-४९ च्या महामारीत हेच दिसते. ज्यूंनी विहिरींत विष कालवले अशी आवई उठली. ज्यूही प्लेगने मरत आहेत आणि जेथे ज्यू नाहीत तेथेही प्लेग आहे, हे साधे तर्कशास्त्र पोप सहावा क्लेमेंट याने तेव्हाच मांडले होते. तरीही १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. प्लेग त्या नगरात अजून पोचलाही नव्हता. ज्यूंना देणे असलेली कर्जे मात्र रद्द झाली.

आता आपल्या अंगणात येऊ. इंग्लंडमधून ज्यूंची हकालपट्टी झाल्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी चॉसरने आपल्या ‘प्रायोरेस’च्या तोंडी ज्यूंनी मारलेल्या ख्रिस्ती मुलाची कथा घातली. तीनशे वर्षांनी शेक्सपिअरने ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ लिहिले. लंडनमध्ये तेव्हा उघडपणे राहणारा ज्यू समाज नव्हता; त्यांना परतण्याची वाट मोकळी झाली ती १६५६ च्या सुमारास. म्हणजे शायलॉकचे प्रेक्षक ज्यूंच्या शेजारी राहणारे नव्हते. त्यांनी ज्यू पाहिला होता तो कथेत, प्रवचनात आणि मार्लोच्या रंगभूमीवर. ज्यूंवाचूनही ज्यूद्वेष सुखेनैव नांदू शकतो, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आणि आपण शायलॉक शिकवतो कसा? ‘लोभी सावकाराला चतुर स्त्रीने दिलेली शिक्षा’ म्हणून. मराठीत ‘शायलॉक’ हे नाव निर्दय सावकाराचे सामान्यनाम होऊन बसले आहे. शेवटी त्याला धर्मांतर करावे लागते, ही शिक्षा आपल्या मार्गदर्शक पुस्तकांत ‘सुखान्त’ या शब्दाखाली गाडली जाते. त्याच्या तोंडचे माणुसकीचे प्रसिद्ध भाषण पाठ करवून घेतले जाते. पण ते भाषण ज्या जगात करावे लागते त्या जगाविषयी एकही प्रश्न परीक्षेत येत नाही. १९४३ मध्ये नाझींच्या ताब्यातील व्हिएन्नात हे नाटक वेर्नर क्राउस या नटाला शायलॉक करून दिमाखात सादर झाले, तेव्हा त्या शहरातील ज्यूंना छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या आधीच निघून गेल्या होत्या. नाटक जाळावे असे आम्ही म्हणत नाही. शेक्सपिअरने खलनायकाला जी वाचा दिली ती त्या काळी दुसऱ्या कोणी दिली नाही. पण हा इतिहास न सांगता ते शिकवणे म्हणजे शिकवणे नव्हे.

लेखकाला सांगितले तर त्याला कळत नाही असेही नाही. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील फेगिनचा उल्लेख डिकन्सने शेकडो वेळा नुसता ‘द ज्यू’ असा केला होता. १८६३ मध्ये एलायझा डेव्हिस या ज्यू स्त्रीने त्याला पत्र लिहून हा आपल्या समाजावरील अन्याय असल्याचे कळवले. डिकन्सने आधी बचाव केला. पण ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये रिया हा सज्जन ज्यू वृद्ध आणला आणि पुढील आवृत्तीत तो उल्लेख बऱ्याच ठिकाणी गाळला. एका वाचकाने लिहिलेल्या पत्राने एवढे साधले. आपण तर शिक्षक आहोत.

एकोणिसाव्या शतकात या परंपरेने पोशाख बदलला, आणि तो बदल भाषाभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. ‘सेमिटिक’ हे नाव १७८१ मध्ये जर्मन विद्वान श्लोझर याने हिब्रू, अरबी, अरामी या भाषांच्या कुळाला दिले. ‘आर्य’ हा शब्द तर युरोपने संस्कृतावरूनच उचलला. भाषाकुळांची ही नावे शतकभरात रक्ताची नावे झाली. १८७९ च्या सुमारास विल्हेल्म मार याने ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द आपल्या राजकीय चळवळीचे नाव म्हणून प्रचारात आणला. जुन्या द्वेषाला धर्माचा वास येत होता. नव्या शब्दाला शास्त्राचा वास होता. धर्मद्वेषात निदान बाप्तिस्म्याची पळवाट होती. वंशद्वेषात तीही राहिली नाही. याची पूर्वतयारी स्पेनमध्ये झालीच होती : १४४९ च्या तोलेदोमधील फर्मानाने धर्मांतरित ज्यूंच्या वंशजांना ‘अशुद्ध रक्ता’चे म्हणून नगराच्या अधिकारपदांतून वगळले होते. रक्ताच्या शुद्धीवरून माणसाची जागा ठरवणे ही कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगावी लागू नये.

यानंतरचे आरोप एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. ज्यू भांडवलदार आहेत आणि ज्यू बोल्शेविक आहेत. ते आपल्यात मिसळत नाहीत आणि ते नको इतके मिसळतात. ते दुबळे, भेकड आहेत आणि ते जग चालवतात. एकाच माणसावर परस्परविरोधी आरोप एकाच वेळी होतात तेव्हा ते आरोप त्या माणसाविषयी काही सांगत नसतात, आरोप करणाऱ्याच्या भयाविषयी सांगत असतात. या सर्वांचे संकलन म्हणजे १९०३ मध्ये रशियात छापला गेलेला ‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’ हा बनावट दस्तऐवज. १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने परिच्छेदांशी परिच्छेद ताडून दाखवले की त्याचा मोठा भाग मोरिस जोली या फ्रेंच लेखकाच्या १८६४ मधील एका राजकीय उपरोधिकेतून चोरलेला आहे. ती उपरोधिका तिसऱ्या नेपोलियनवर होती. ज्यूंशी तिचा संबंधच नव्हता. वाङ्मयचौर्याचे इतके निर्विवाद प्रकरण दुसरे नसेल. तरीही हेन्री फोर्डच्या वृत्तपत्राने त्याचा प्रसार केला, नाझींनी तो शाळांत नेला, आणि हमासच्या १९८८ च्या सनदेत त्याचा पुरावा म्हणून हवाला आला.

संहाराविषयी आम्ही थोडक्यात लिहितो, कारण तो सर्वांना ठाऊक आहे असे आपण समजतो. साठ लाख माणसे मारली गेली. २० जानेवारी १९४२ रोजी वान्से येथे त्या कामाची व्यवस्था लावण्यासाठी पंधरा अधिकारी जमले. त्यांतील निम्म्याहून अधिक जण डॉक्टरेट मिळवलेले होते. शिक्षण माणसाला आपोआप सुसंस्कृत करते या आपल्या व्यावसायिक श्रद्धेवर याहून कठोर टीका कोणीही केलेली नाही.

आता आपण. भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते बव्हंशी खरेही आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायल ‘शनवार तेली’ म्हणून गावगाड्यात सामावले. त्यांची भाषा मराठी. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या हगादा या प्रार्थनाग्रंथात हिब्रूबरोबर मराठी आहे आणि चित्रांतल्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. याच समाजातील निस्सीम इझिकेल यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांची कविता इंग्रजीत नेली. पण दुसऱ्यांनी केले ते पाप आपण केले नाही एवढ्याने आपले वाचन निर्दोष ठरत नाही. त्याच महाराष्ट्रात हिटलरचे आत्मचरित्र व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले दिसते. नव्या मुंबईत २००६ मध्ये हिटलरच्या नावाचे उपाहारगृह निघाले आणि निषेधानंतर त्याचे नाव बदलावे लागले. ‘काही ज्यू मुद्दाम जिवंत ठेवले, म्हणजे बाकीच्यांना का मारले ते जगाला कळेल’ अशा आशयाचे वाक्य हिटलरच्या नावावर फिरत असते. ते त्याच्या लेखनात वा भाषणांत कोठेही सापडत नाही. ते बनावट आहे याहीपेक्षा आम्हांला खटकते ते हे की, पुढे पाठवणाऱ्याला ते पटलेले असते. वि. ग. कानिटकरांनी आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच नाझींना भस्मासुर म्हटले होते. तो ग्रंथ वाचलेल्या घरांतील पुढची पिढी ‘पण शिस्त होती हो त्याच्याकडे’ असे म्हणते, तेव्हा दोष कोणाच्या अध्यापनाचा?

यात कोणत्याही एका बाजूने हात झटकू नयेत. १९३९ साली मा. स. गोळवलकर यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ‘वी ऑर अवर नेशनहुड डिफाइन्ड’ या पुस्तकात जर्मनीने ज्यूंबाबत जे केले ते हिंदुस्थानने घेण्याजोगा धडा म्हणून मांडले होते. आज त्याच विचारव्यूहातील अनेकांना इस्रायलचे अपार कौतुक असते. हिटलर आणि इस्रायल एकाच कपाटात सुखाने राहतात, कारण दोन्हींत त्यांना फक्त सामर्थ्य दिसते. दुसरीकडे, १२ ऑगस्ट १९५२ रोजी स्टालिनच्या राज्यात पेरेत्स मार्किश आणि इतर यिडिश लेखकांना गोळ्या घातल्या गेल्या. सोव्हिएत पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्यांवर वाढलेल्या आपल्या पुरोगामी वाचकांना हे नाव फारसे ऐकूही आले नाही. गाझातील हजारो बळींबद्दल इस्रायलच्या शासनाला जाब विचारणे हा ज्यूद्वेष नव्हे. तो विचारलाच पाहिजे, आणि अनेक ज्यू तो विचारीतही आहेत. पण एका राज्याच्या कृत्यांसाठी जगातल्या कोणत्याही ज्यूला जबाबदार धरणे ही नॉर्विचचीच कथा आहे. मुंबईवर २००८ च्या नोव्हेंबरमध्ये हल्ला झाला तेव्हा कुलाब्याच्या गल्लीतले नरिमन हाउस शोधून काढून तेथे धर्मगुरू, त्यांची पत्नी आणि आणखी चौघे मारले गेले. ती जागा कोणाला सहज दिसणारी नव्हती. ती आधी कोणीतरी वाचलेल्या, ऐकलेल्या कथेत होती.

डॉ. आंबेडकरांनी नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यांविषयीचा सनातनी दृष्टिकोन यांची तुलना केली होती. ती आपण अभ्यासक्रमाबाहेर ठेवतो, कारण ती आत घेतली तर ‘त्यांनी असे काय केले होते?’ हा प्रश्न किती ओळखीचा आहे ते कळेल. गावाबाहेर ठेवलेल्यांविषयीही तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आणि त्याची शास्त्राधारित उत्तरेही पुरवली गेली. ज्यांनी ती पुरवली तेही पोथ्या जाणणारेच होते.

म्हणून आमची मागणी माफक आहे. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ शिकवताना १२७५, १२९० आणि १६५६ ही तीन साले फळ्यावर लिहावीत. ‘प्रोटोकॉल्स’ आणि जोलीचे पुस्तक यांतील उतारे शेजारी ठेवून पाठचिकित्सेचा एक तास घ्यावा. वाङ्मयचौर्य ओळखायला शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही. भाषाविज्ञानाच्या तासाला ‘आर्य’ आणि ‘सेमिटिक’ या शब्दांचा भाषेपासून रक्तापर्यंतचा प्रवास सांगावा. आणि कोणी ‘त्यांनी असे काय केले होते?’ असे विचारले, तर उत्तर न देता त्यालाच विचारावे : हे तुम्हांला कोणी सांगितले, आणि त्याला ते कोणी सांगितले होते?